गावाची वर्गणी आणि गावाचे मत

जिल्हा परिषदेच्या कारभारात 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. वर्गखोलीच्या भिंतीला तडा जातो, आढ्याचे वासे कुजतात, स्लॅबच्या गजांना गंज चढून खालचे प्लास्टर पापुद्र्यांनी सुटू लागते. मग अभियंत्याचा दाखला येतो, प्रस्ताव वर जातो आणि एके दिवशी ती खोली दप्तरातून कमी केली जाते. ज्या खोलीत गावाच्या तीन पिढ्यांनी पाढे म्हटले, तिचे अस्तित्व एका सहीने संपते. त्यात गैर काही नाही, कारण मोडकी खोली उभी ठेवणे हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. परंतु त्या रिकाम्या झालेल्या जागेवर पुढे काय उभे राहावे, कोणत्या तोंडाचे, किती खोल्यांचे, कोणाच्या सोयीचे, हे ठरवण्याची घटका येते तेव्हा आपली प्रशासकीय परंपरा आणि आपले गाव दोघेही एका जुन्या वाटेने चालू लागतात, आणि त्या वाटेवर आपण याआधीही किती वेळा चाललो आहोत याचे भान दोघांनाही नसते.

घोड नदीच्या खोऱ्यात, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या उत्तर अंगाला वसलेल्या कवठे येमाईसारख्या गावाकडे पाहावे. देवीच्या नावाने ओळखले जाणारे, तमाशा आणि लोककलेच्या परंपरेत ज्याचे नाव आदराने घेतले जाते असे हे गाव. गावठाण एका बाजूला, आणि उसाच्या शेतांतून पसरलेल्या वाड्यावस्त्या दुसऱ्या बाजूला. अशा गावात शाळेची दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम हा नुसत्या चुन्याविटांचा मामला राहत नाही. खोल्या गावठाणात वाढवायच्या की वस्तीवर, जुनी कौलारू इमारत पाडायची की सावरायची, मैदानाचा तुकडा नव्या खोल्यांना द्यायचा की राखायचा, या प्रत्येक प्रश्नामागे गावाची रचना, त्यातले मानपान, भाऊबंदकी आणि पैशाचा हिशोब उभा असतो. म्हणून या प्रश्नाकडे पाहताना पुढच्या मार्चअखेरीपर्यंतचा निधी एवढेच क्षितिज पुरत नाही. मागची दोनशे वर्षे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात.

याच तालुक्यातल्या कोरेगाव भीमा येथे 1 जानेवारी 1818 रोजी लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाईचा शेवट झाला. त्या काळच्या शाळेला स्वतःची इमारत नव्हती. देवळाची ओसरी, एखाद्या वाड्याची पडवी, नाहीतर पंतोजीचे स्वतःचे घर, हीच शाळा. धूळपाटीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, मोडी, हिशोब, पावकी-निमकी. आणि पंतोजीला धान्य, सणासुदीचा शिधा, घरटी ठरलेला मोबदला. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या अमदानीत इंग्रज अधिकाऱ्यांनी या शाळांची पाहणी केली तेव्हा खास शाळेसाठी बांधलेल्या इमारती त्यांना जवळजवळ दिसल्याच नाहीत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे आजही पुष्कळ आहेत. ती गावाच्या गरजेतून उगवली होती, गावाच्या खर्चाने चालत होती आणि सुगीच्या दिवसांत तिला आपोआप सुट्टी मिळत होती, हे सगळे खरेच आहे. परंतु शाळा देवळाच्या ओसरीवर भरली म्हणजे ज्याला त्या ओसरीची पायरी चढण्याची मुभा नाही त्याच्यासाठी ती भरलीच नाही, हेही तितकेच खरे आहे. आणि मुलींचा तर त्या हिशोबात विचारच नव्हता. 'गावाची शाळा' या शब्दातले गाव नेमके कोणाचे, हा प्रश्न इमारतीच्या जागेपासूनच सुरू होतो, हे त्या ओसरीकडे पाहिले की कळते.

इंग्रज सरकारने शाळा स्वतःच्या अंगावर घेतल्या तेव्हा पहिली अडचण पैशाची आली, आणि 1850 च्या दशकात मुंबई इलाख्यात एक योजना निघाली जिची आठवण आज कोणाला नाही. पंतोजीचा निम्मा पगार सरकारने द्यावा, निम्मा गावाने. शाळेसाठी जागा आणि इमारत मात्र गावानेच पुरवावी. कागदावर ही लोकसहभागाची योजना होती. प्रत्यक्षात गावाला पैसे मागितले गेले, घर मागितले गेले, पण काय शिकवावे, कोणी शिकवावे, शाळा कोणत्या वेळी भरावी, यातले काहीही विचारले गेले नाही. पहिल्या उत्साहात शाळा उघडल्या आणि वर्गणी थकू लागली. अधिकाऱ्यांनी त्यावरून रयतेला शिक्षणाची गोडी नाही, असा निष्कर्ष काढला. रयतेने काढलेला निष्कर्ष कोणी लिहून ठेवला नाही.

त्याच दशकात, 1856 साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारने अर्ज नाकारला, कारण एका मुलाला आत घेतले तर बाकीची शाळा रिकामी होईल अशी भीती होती. पुढे विलायतेतून सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे धोरण जाहीर झाले, तरी गावोगावच्या ओसऱ्यांवर त्याचा उजेड पडायला अनेक दशके गेली. ही हकीकत शाळेच्या बांधकामाच्या चर्चेत आणण्याचे कारण उघड आहे. समाजाचे मत विचारात घेणे ही चांगलीच गोष्ट. पण समाजाचे मत म्हणजे बोलणाऱ्यांचे मत, आणि बोलणारे बहुधा तेच असतात ज्यांना ओसरी आधीपासून मोकळी असते. धारवाडच्या त्या निर्णयातही एका अर्थाने लोकमत विचारात घेतले गेले होते.

गावाची वर्गणी स्वखुशीने येत नाही असे दिसल्यावर 1863 पासून कराचा मार्ग सापडला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा, आणि त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी. 1869 साली या लोकलफंडाला कायद्याची बैठक मिळाली. कूळ कितीही नापिकीत असो, आणा सुटत नव्हता. पण त्या आण्यातून उभी राहिलेली शाळा आपल्या गावाला मिळेल की नाही, मिळाली तर कधी आणि कशी, यावर त्याचा काही शब्द चालत नव्हता. फंडाच्या कमिट्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसत, त्यांत अधिकारी आणि सरकारने नेमलेले इनामदार, प्रतिष्ठित. याच 1869 साली जोतीराव फुल्यांनी विद्याखात्यातल्या पंतोजींवर पोवाडा लिहिला, आणि 1882 च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी आपले बोट नेमके या दुखण्यावर ठेवले: रयतेच्या घामातून सारा गोळा होतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या शाळांच्या वाट्याला उरलेसुरले येते. जोतीराव हे स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेले गृहस्थ होते. दगड, चुना, मजुरी आणि मोजमापाचे पुस्तक यांच्या दरम्यान पैसा कोठे झिरपतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ज्यांच्या आण्यावर शाळा चालते त्यांचा माणूस त्या शाळेच्या कारभारात का नाही, हा प्रश्न त्यांच्या या युक्तिवादातून आपोआप उभा राहतो.

आणि त्याच 1869 साली, इथून हजारो कोसांवर जपानच्या क्योतो शहरात जे घडले ते या तुलनेत ठेवून पाहण्यासारखे आहे. राजधानी नुकतीच हातची गेलेली, शहर खचलेले. अशा वेळी तिथल्या मोहल्ल्यांनी, देशात सरकारी शिक्षणव्यवस्था उभी राहण्याच्या आधीच, एका वर्षात 64 प्राथमिक शाळा काढल्या. पैसा उभा राहिला तो घरटी, चुलीच्या हिशोबाने; त्या वर्गणीला नावही 'चूलपैसा' अशाच अर्थाचे होते. मोहल्ल्याची सभा शाळेतच भरे, आगीची वर्दी देण्याचा मनोराही शाळेवरच असे. पुढे त्यांतल्या काही शाळांत मुले उरली नाहीत तेव्हाही त्यांच्या इमारती पाडून टाकल्या गेल्या नाहीत. त्यांची संग्रहालये, सभागृहे झाली. आणा आणि चूल, दोन्ही माणसाच्या घरातूनच आले. इकडे मात्र आणा तहसिलीत गेला की त्याचे घराशी नाते तुटले. तिकडे चुलीचा पैसा चुलीच्या नजरेसमोर विटेत बदलला. आपल्याकडे 2004 साली केंद्र सरकारने प्राप्तिकरावर आणि इतर करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसवला, तेव्हा 1863 चा एक आणा किती जणांना आठवला असेल?

विसाव्या शतकात या वाटेवर काही थोर माणसे भेटतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. इमारतींची वाट पाहत बसण्यापेक्षा देवळे, चावड्या, धर्मशाळा शाळांसाठी वापरात आणण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला. ओसरीचा प्रश्न राजाज्ञेने सुटतो तितका त्यांनी सोडवला. इंग्रजी मुलुखात 1923 साली सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला; सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांच्या ताब्यात दिल्या. सातारा जिल्ह्यात काले येथे 1919 मध्ये सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेत भाऊराव पाटलांनी मुलांच्या हातात टिकाव-घमेले दिले आणि ज्या भिंतीत मुले शिकतील त्या भिंतीचे दगड त्याच मुलांनी वाहिले. इथे प्रथमच हात आणि मत एका माणसात आले. कमवा आणि शिका या योजनेचे कौतुक आपण श्रमाच्या अंगाने पुष्कळ केले आहे. ज्याने पाया खोदला त्याला खिडकी कोठे हवी हे विचारण्याची गरज उरत नाही, हे तिचे दुसरे अंग आपण दुर्लक्षिले.

महाराष्ट्र राज्य झाले, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, लोकल बोर्डाची शाळा झेडपीची शाळा झाली. सत्ता गावाच्या बरीच जवळ आली, यात शंका नाही. दगडी भिंती, मंगळुरी कौले, पुढे लांब ओटा आणि छतात मधूनच बसवलेले काचेचे कौल, ही त्या आणि त्याआधीच्या पिढीची शाळा आजही पुणे जिल्ह्यात अधूनमधून उभी दिसते. दुपारी त्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक तिरपा खांब वर्गात उतरतो, खडूची धूळ त्यात तरंगते आणि पाट्या पुसणारी मुले त्या खांबात हात घालून बघतात. भर उन्हाळ्यातही अशी खोली तापत नाही, कारण ज्या गवंड्याने ती बांधली त्याला इथले ऊन ठाऊक होते. पुढे 1986 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि 1987 पासून खडू-फळा मोहीम. प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन मोठ्या खोल्या, पुढे व्हरांडा, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे. हे कमी नव्हते. झाडाखाली भरणाऱ्या कित्येक शाळांच्या डोक्यावर छप्पर त्यामुळे आले. परंतु कोकणात मुसळधार पाऊस, शिरूरच्या पट्ट्यात तळपते ऊन, आणि दोन्हीकडे आराखडा साधारण एकाच धाटणीचा. स्लॅब उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात गळतो, म्हणून मग त्याच्यावर पत्र्याचे शेड चढते. आज निर्लेखनाच्या यादीत येणाऱ्या खोल्यांत कौलारू किती आणि स्लॅबच्या किती, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते मोजून बघावे.

गावाला न विचारता बांधण्याची किंमत महाराष्ट्राने सर्वात ठळकपणे पाहिली ती किल्लारीच्या भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे भुईसपाट झाली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने 52 गावे नव्या जागी हलवून वसवण्यात आली. देणगीदार मोठ्या मनाने आले, घरे मजबूत झाली, शाळाही नव्या झाल्या. पण अनेक ठिकाणी रस्ते शहरी वसाहतीसारखे रुंद, काटकोनी, आणि गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलेले. गल्लीत बसून चालणारे बायकांचे बोलणे, गोठ्याचे आणि उंबऱ्याचे नाते, भाऊबंदांची शेजारी-शेजारी असलेली दारे, हे नकाशात कोणी मागितले नव्हते म्हणून नकाशात आले नाही. उलट ज्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्याच महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले; मालकाने बांधायचे, सरकारने पैसा आणि तंत्र द्यायचे, बाईने दोघांमध्ये बोलणे घडवून आणायचे. मराठवाड्यातल्या त्या बायकांनी लोखंडाचा गज किती जाडीचा हवा हे शिकून घेतले आणि गवंड्याला कामावर उभे राहून विचारले. या अनुभवावर देशोदेशी लिहिले गेले. आपल्या जिल्हा परिषदांच्या बांधकाम विभागांनी त्यातून काय उचलले, हे शोधावे लागेल.

त्यानंतर कायदा आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याने जोतीरावांच्या निवेदनातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नाचे उत्तर, सव्वाशे वर्षांनी का होईना, कलमांत लिहिले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात. आणि शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा याच समितीने करावा, तोच सरकारी अनुदानाचा आधार व्हावा. एवढा अधिकार गावाच्या हाती यापूर्वी कधी आला नव्हता. तो कसा वापरला गेला? बहुतेक ठिकाणी आराखड्याचा छापील नमुना येतो, मुख्याध्यापक एका संध्याकाळी रकाने भरतात, समितीच्या वहीवर सह्या घेतल्या जातात, आणि कित्येक मातांना आपण समितीत आहोत हे सही करतानाच कळते. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. शिकवण्याबरोबर खिचडी, शिष्यवृत्ती, मतदारयादी आणि दहा ऑनलाइन माहित्या ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याने एकट्याने गाव बोलते करावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण त्यामुळे 1850 च्या दशकातली गोष्ट पुन्हा घडते. लोकवर्गणी मागताना ग्रामसभा भरते, रंगरंगोटीसाठी माजी विद्यार्थ्यांना फोन जातात, आणि अंदाजपत्रक मात्र तांत्रिक मान्यता घेऊनच गावात येते.

या विस्मरणाची किंमत मुलांनी मोजली आहे. ऑगस्ट 2017 मध्ये शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडी येथे शाळेची जुनी खोली कोसळून तीन मुले गेली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात 25 जुलै 2025 रोजी शाळेचे छत पडून सात मुले दगावली. छतातून खडे पडत असल्याचे मुलांनी त्या सकाळी सांगितले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ते वाक्य वाचल्यापासून मनातून जात नाही. संरचनेची तपासणी करणारा अभियंता वर्षातून एकदा येतो. मूल रोज त्याच छताखाली बसते, आणि कोणता कोपरा ओला आहे, कोणती फरशी हलते, कोणत्या खिडकीची कडी लागत नाही, हे त्याला पाठ असते. इमारतीविषयी लोकांचे मत घ्यायचे तर पहिली साक्ष त्या मुलाची व्हायला हवी.

आणि तरीही, मत आणि वर्गणी एकत्र आल्यावर काय होऊ शकते, ते पाहण्यासाठी क्योतोला जावे लागत नाही. शिक्रापूरजवळची वाबळेवाडी याच शिरूर तालुक्यात आहे. दोन खोल्यांची, पट घटत चाललेली जिल्हा परिषदेची शाळा. दत्तात्रय वारे यांच्यासारखे मुख्याध्यापक आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले गावकरी यांनी तिचे रूप पालटले. ग्रामस्थांनी जमीन दिली, पैसा दिला, पुढे कंपनीच्या सामाजिक निधीतून शून्य ऊर्जा तत्त्वावरच्या काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, आणि झेडपीच्या शाळेच्या प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. नंतर देणग्यांवरून तक्रारी आणि चौकशीचे पर्वही त्या शाळेने पाहिले. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मात्र लोकांचा पैसा ज्या कामात येतो, तिथे जमाखर्च यात्रेच्या हिशोबासारखा चारचौघांत वाचला गेला पाहिजे आणि तो लिहून फळ्यावर लागला पाहिजे, हे कळण्यासाठी एवढे पुरे. वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि 2025 मध्ये त्या छोट्याशा शाळेला लोकांच्या पसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. चिंतेची गोष्ट अशी, की एका शिक्षकाच्या बदलीबरोबर एका गावाची रीत दुसरीकडे जाते, पण पहिल्या गावाच्या शेजारच्या दहा गावांत ती पोचत नाही. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले शिकता शिकता स्वतःच्या हाताने घुमटाकार खोल्या उभारतात, वेल्डिंग करतात, पाण्याची पातळी काढतात. चाळीस वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान या तालुक्यात उपलब्ध आहे. तालुक्यातल्या किती शाळांच्या बांधकामात पाबळच्या मुलांना बोलावले गेले?

कवठे येमाईच्या परिसराला आज एक नवी आणि भीषण निकड आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले, आणि संतापलेले लोक रस्त्यावर उतरले. उसाच्या फडातून शाळेत येणारे मूल, हिवाळ्यात लवकर पडणारा अंधार, शाळेच्या पाठीमागे कुंपणाबाहेर असलेले स्वच्छतागृह; यांचा विचार न करता वाढवलेल्या दोन खोल्या म्हणजे दोन खोल्याच. कोणत्याही प्रमाणित आराखड्यात बिबट्या नाही. तो ठाऊक आहे वस्तीवरच्या आईला, जी पोराला बांधापर्यंत सोडायला येते आणि शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत तिथेच थांबते. कुंपण कोणत्या बाजूने आधी, दिवा कोठे, ऊस आणि भिंत यांच्यात मोकळी पट्टी किती, पाण्याची टाकी कोणत्या अंगाला, हे ती सांगू शकते. तिला कोणी विचारायला हवे, आणि तेही तिच्या वस्तीवर जाऊन, कारण सकाळी दहाच्या ग्रामसभेला ती खुरपणीवर असते. धारवाडची ती जुनी गोष्ट इथे पुन्हा आठवते. आजच्या गावात न बोलणारे आणखीही आहेत: कोयत्याबरोबर दिवाळीनंतर येऊन चार-पाच महिने कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुले, रांजणगावच्या कारखान्यांमुळे तालुक्यात भाड्याने राहायला आलेली परप्रांतीय कुटुंबे. त्यांचे मत ग्रामसभेच्या ठरावात येत नाही, पण त्यांची मुले त्याच वर्गात बसायची आहेत, आणि हंगामात वाढणारा पट धरून खोल्यांचा हिशोब केला नाही तर ती दारातच बसतील.

तेव्हा क्रम बदलावा लागेल. आधी गावाचे म्हणणे, मग नकाशा, मग अंदाजपत्रक. आणि म्हणण्याची नोंद तारखेनिशी, नावानिशी, कोणाचे मत का मान्य झाले नाही याच्या कारणासह शाळेच्या दप्तरात, म्हणजे पाच वर्षांनी मुख्याध्यापक बदलले तरी ती राहील. यासाठी नवा कायदा लागत नाही. कायद्यातला शाळा विकास आराखडा हेच त्याचे स्थान आहे. सरकारी मान्यतांच्या साखळीत यामुळे दोन-तीन महिने जास्त जातील. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होऊन निधी यायला जो काळ आपण निमूटपणे सोसतो, त्यापुढे हे दोन-तीन महिने फार नाहीत.

आणखी एक साधी गोष्ट. कागदावरचा नकाशा गावातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. तो कळत नाही म्हणून लोक मान डोलावतात, आणि मान डोलावल्याची संमती म्हणून नोंद होते. पण कबड्डीचे मैदान आखणारी फक्की प्रत्येक शाळेत असते. दोरी, टेप आणि फक्कीचे घमेले घेऊन एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नियोजित इमारत मैदानावर जशीच्या तशी, खऱ्या मापाने आखावी. इथे दार, इथे खिडकी, इथे खिचडीचे शेड, इथून स्वच्छतागृहाची वाट. मग गावाला, वस्तीला, कोपीतल्या लोकांना बोलवावे आणि त्या पांढऱ्या रेघांतून चालू द्यावे. पहिलीतल्या मुलीने वर्गाच्या चौकोनातून निघून स्वच्छतागृहाच्या चौकोनापर्यंत एकटीने चालत जावे आणि तिच्या आजीने बाजूला उभे राहून पाहावे. जिथे ती मुलगी थबकेल, तिथली रेघ पायाने पुसावी आणि दुसरीकडे ओढावी. फक्की स्वस्त असते.